गुडघ्याएवढा लसूणघास

लोक वाशीमकडे जातात ते कारंजाला दर्शनाला, नाहीतर कुणाच्या लग्नाला. मी गेले ती एका वाफ्याला मूठमाती द्यायला. पत्र टाइप करून पिशवीत ठेवलं होतं, फक्त माझी सही व्हायची होती.

आधी वाफ्याचं सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. मी पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते आणि गेली सहा वर्षं लसूणघासाच्या एका जनुकाच्या मागे आहे. लसूणघास म्हणजे तीन-तीन पानांचा, जांभळ्या फुलांचा हिरवा चारा. हरभऱ्या-तुरीच्या भाऊबंदांपैकी, म्हणून अंगात कस असतो, आणि एकदा पेरला की वरचेवर कापत राहायचं. झाडांच्या अंगातही वाढीची संप्रेरकं असतात. त्यातलं जिबरेलिन हे खोडाला ‘उंच हो’ म्हणून सांगतं. ते तयार करायला लावणारं जनुक एका जुन्या, कुणी न विचारलेल्या वाणात जरा जास्तच कामसू असल्याचं आम्हाला सापडलं. आम्ही बाहेरून काही घुसवलं नाही. त्या वाणाचा चांगल्या वाणाशी संकर केला आणि दर पिढीत पानाचा तुकडा तपासून ते जनुक असलेली रोपं तेवढी पुढे नेली. झाड उंच, म्हणून चारा जास्त, म्हणून दूध जास्त. इतकं सरळ गणित होतं, आणि ते मांडून मी सहा वर्षं सुखात होते.

चार ठिकाणी चाचणी लावली. तीन ठिकाणी घास मांडीच्या वर गेला. चौथं ठिकाण वाशीम जिल्ह्यातलं, केनवडपासून थोडं आत असलेलं एक शेत. तिथे आमचा वाण गुडघ्यालासुद्धा लागेना. शेजारच्याच वाफ्यात पेरलेला गावठी घास त्याच्यापेक्षा उंच. दर पंधरवड्याला तिथून वहीच्या पानाचा फोटो यायचा आणि दर वेळी माझा दिवस नासायचा.

आमचे विभागप्रमुख शांत माणूस. ते म्हणाले, “एक ठिकाण बिघडतंच. ते वगळलं की तक्ता स्वच्छ होतो आणि वाण बियाण्यासाठी पुढे जातो. पण वगळायच्या आधी कुणीतरी बघून यायला हवं. तुम्ही जा, सही करा, पत्र देऊन या.” पत्रात दोनच ओळी होत्या. चाचणी बंद करण्यात येत आहे, उभं पीक मुळासकट नांगरून टाकावं.

मी शेतात कधी गेले नव्हते असं म्हणवत नाही, पण म्हणायला हवं. माझा लसूणघास कुंडीत, ट्यूबलाइटच्या उजेडात वाढतो आणि त्याला कुणी खात नाही.

सोमवार

गाडीचं सांगण्यासारखं काही नाही. सकाळी वाशीमला उतरले आणि रिसोडची एसटी धरली. माझ्याजवळ एक कपड्यांची पिशवी, एक मातीचे नमुने घ्यायची पेटी आणि एक दीड मीटरची लाकडी मोजपट्टी. ती पट्टी आडवी ठेवली की वाटेत येणाऱ्याच्या पायात जायची, उभी धरली की छताला लागायची. कंडक्टर माझ्यापाशी आला आणि तिकिटाआधी पट्टीकडे बघत राहिला.

“मॅडम, रस्ता मोजून राह्यल्या का?”

“नाही हो. घास मोजायचाय. गवत.”

“गवत कायले मोजता?”

हे नीट सांगायचं तर जनुकापासून सुरुवात करावी लागली असती. मी म्हटलं, “उंच झालं की नाही ते बघायला.” त्याने तिकीट फाडलं आणि पुढे जाऊन ड्रायव्हरला सांगितलं. पाच मिनिटांत अर्ध्या एसटीला कळलं की पुण्याची एक बाई गवत मोजायला आली आहे. माझ्या मागच्या बाकावरचे आजोबा फार कळकळीने म्हणाले, “आमच्या धुऱ्यावर बम गवत हाये. मोजाचं असन तं उतरा आमच्या गावाले.” धुरा म्हणजे बांध आणि बम म्हणजे भरपूर, हे मला नंतर कळलं. मी आभार मानले. पुण्यात बसमध्ये शेजारचा माणूस तासभर मांडीला मांडी लावून बसतो आणि नाव विचारत नाही. इथे रिसोड येईपर्यंत माझ्या घरी कोण कोण आहे, मुलगी किती शिकली आणि मी बिनकामाची एवढी लांब का आले, हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मलाही पक्कं माहीत नव्हतं, तो भाग वेगळा.

खिडकीबाहेर हरभरा काढून झाला होता. काळ्या रानात मधूनमधून पळस असा काही फुलला होता की बाकी सगळं धुळकट वाटावं. रिसोडला गाडी बदलून केनवडला उतरले, तेव्हा थांब्यावर रामदास मोटारसायकल घेऊन उभा होता. ज्या शेतात वाफा आहे ते त्याचं. पण वाफा बघायची, पाणी द्यायची, मोजायची आणि वहीत लिहायची ती त्याची बायको, वनमाला. मी मागे बसले आणि पट्टी उभी धरली. “तुमी झेंडा धरून बसल्यावानी दिसून राह्यल्या,” रामदास म्हणाला आणि गाव येईपर्यंत स्वतःशीच हसत होता.

वनमाला पस्तिशीची, काटक, बारावी झालेली. बोलताना समोरच्याकडे सरळ बघणारी. तिने आधी जेवायला वाढलं. ज्वारीची भाकर, ओल्या तुरीच्या वाळवून ठेवलेल्या दाण्यांची, म्हणजे सोल्यांची भाजी, आणि असा ठेचा की माझ्या कानातून वाफ निघाली. शेवटी ताटलीत खरवस आला. पुण्यात डेअरीत खरवस मिळतो तो केशर-वेलचीचा, चौकोनी वड्यांचा, तोंडात घातला तर दूध पावडरीची आठवण व्हावी असा. हा गुळातला होता, जाळीदार, थरथरता. मी दोनदा घेतला.

“तुमची गाय व्यालीय का?” मी विचारलं.

“आमची नाई. आमची म्हैस हाये, थे अजून महिनाभरानं व्याईन. हा गयाबाईच्या घरून आला.”

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. हुशार माणसाने तिथेच थांबून विचारलं असतं. माझं डोकं वाफ्यात होतं.

वाफा विहिरीच्या अंगाला होता. दोन सारखे तुकडे, मध्ये पाण्याचा पाट. डावीकडे पाटी आमच्या वाणाची, उजवीकडे गावठी. गावठी घास मांडीपर्यंत आला होता. आमचा घोट्याच्या वर आणि गुडघ्याच्या खाली. फोटोत दिसायचं तेच, फक्त आता ते माझ्या पायापाशी होतं.

मी खाली बसले. रोग म्हणावा तर पान काळपट हिरवं, तजेलदार. उपाशी म्हणावा तर बुडखा मनगटाएवढा जाड, एकेका बुडख्यातून फुटव्यांची गर्दी. माझ्या कुंडीतला घास उंच आणि किडकिडा असतो. ही रोपं ठेंगणी-ठुसकी होती. मला एकदम शंका आली.

“पाट्या बदलल्या तर नाहीत ना? डावी उजवीकडे, उजवी डावीकडे?”

“पाट्या आमी कायले बदलू?” रामदास जरा दुखावला. “त्याचं काय लोणचं घालाचं हाये?”

वनमालाने वही आणून दिली. इतकी नेटकी वही आमच्या प्रयोगशाळेतही कुणी ठेवत नाही. दर दुसऱ्या रविवारी, दहा-दहा रोपं, उंची, खाडाखोड नाही. मी तीच दहा रोपं पुन्हा मोजली. बरोबर. माती घेतली. पाणी चाखलं, ते का ते विचारू नका. पानं पिशवीत भरली. संध्याकाळपर्यंत मी त्या वाफ्याभोवती इतक्या फेऱ्या मारल्या की शेजारच्या शेतातली माणसं काम थांबवून बघायला लागली. मला काहीएक कळलं नव्हतं. झाड निरोगी आहे, माती चांगली आहे, जनुक जागेवर आहे आणि तरी ते वाढायला तयार नाही. मी पत्र काढलं, सहीसाठी पेन उघडलं आणि परत बंद केलं. उद्या करू म्हटलं.

मंगळवार

सकाळी चहाबरोबर पुन्हा खरवस. आजचा जरा घट्ट होता.

“हा पण गयाबाईंचा?”

“नाई, हा इंगोल्याच्या घरचा. त्यायची म्हैस व्याली परवा.”

दुपारी जेवताना तिसरी वाटी आली, तिसऱ्याच घरची. आता मात्र मला राहवेना. आमच्या सोसायटीत कुणी वाटीभर साखर पाठवली तरी जिन्यात चर्चा होते. “वनमाला, गावातल्या सगळ्या जनावरांचा खरवस तुमच्याच घरी का येतो?”

ती भाकर थापत होती. मान वर न करता म्हणाली, “आमचा घास नेतात ना.”

“कुठला घास?”

“तुमचा थो. डावीकडचा.”

मी हातातला घास खाली ठेवला. मग एकेक करून जे बाहेर आलं ते असं. त्यांच्या गल्लीत कुणाची गाय किंवा म्हैस व्याली की पहिले काही दिवस तिला हिरवा चारा लागतो. ज्याच्या शेतात सगळ्यात चांगला हिरवा चारा असेल, त्याच्या शेतात जाऊन एक पेंढी कापून आणायची. विचारायचं नाही, आणि मालकाने नाही म्हणायचं नाही. बदल्यात पहिल्या चिकाचा खरवस त्याच्या घरी पोचवायचा. गेल्या दिवाळीनंतर वनमालाच्या वाफ्यात आमचा घास उगवला आणि गल्लीने ठरवून टाकलं की सगळ्यात चांगला तोच. कोवळा, भरभर फुटणारा, आज कापला की आठवड्यात पुन्हा हाताशी येणारा. तेव्हापासून व्यालेलं प्रत्येक जनावर त्यावर पोसलं गेलं. गावठी घास कुणी कापायचं नाव घेत नव्हतं, म्हणून तो मांडीपर्यंत वाढत होता.

“अगं, मग वहीत का नाही लिहिलंस?”

वनमालाने आता माझ्याकडे सरळ बघितलं. “तुमी उंची लिहाले सांगतलं. मी उंची लिहली. कापलं का, हे तुमच्या कागदात कोठं होतं?”

नव्हतं. रकाना मीच आखला होता. कापणी आम्ही सांगू तेव्हा, महिन्याने एकदा, असं मी गृहीत धरलं होतं, आणि गृहीत धरलेली गोष्ट कुणी लिहून देत नाही.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, उठून नाचावंसं वाटलं. वाण बुटका नव्हता, त्याला कुणी उंच होऊ देत नव्हतं. वनमाला म्हणाली, “उंच पाह्याचा असन तं विहिरीमांगं चाला.” विहिरीच्या मागे, बाभळीखाली, डाव्या वाफ्याचीच एक चिंचोळी पट्टी होती. बाभळीवर आग्यामोहोळ लागलं होतं, म्हणून महिनाभर तिकडे कुणी फिरकलं नव्हतं. चारच दिवसांपूर्वी माश्या उठून गेल्या होत्या. आणि तिथे माझा घास कमरेपर्यंत उभा होता. मी मोजपट्टी लावली, फोटो काढले, डोळे पुसले. रामदासला वाटलं माशी चावली.

“हा कापा,” मी म्हटलं. “म्हशीला घाला. मला बघायचंय.”

सहा वर्षांत माझं झाड कुणाच्या तोंडात जाताना मी पहिल्यांदाच बघणार होते. वनमालाने भारा आणून गव्हाणीत टाकला. म्हशीने तोंड घातलं, पानं ओरबाडली, मान झटकली, पुन्हा पानं ओरबाडली. मी गोठ्यातच उलट्या टोपल्यावर बसून राहिले. अर्ध्या तासाने ती मागे सरून रवंथ करायला लागली. गव्हाणीत काड्यांचा ढीग तसाच होता. लांब, सरळ, टणक. मी वाकून एक उचलली. माझं जनुक त्या काडीत होतं. सहा वर्षं मी जे वाढवलं होतं ते नेमकं म्हशीने टाकलं होतं.

“मोठं झालं का तिले नाई आवडत,” वनमाला म्हणाली. “कोवळंच खाते थे. म्हनून तं आमी वाढू देत नाई.”

आनंद कुठल्या कुठे गेला. मी तिला जिबरेलिनचं सांगायला लागले, कुणाला तरी सांगायला हवं होतं म्हणून. झाडाच्या अंगातच एक द्रव्य असतं, ते खोडाला सांगतं उंच हो, आपल्या वाणात ते जास्त बनतं, वगैरे. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग पानाले कोन सांगते?”

पानांना, फुटव्यांना दुसरी संप्रेरकं सांगतात. त्यांची जनुकं वेगळी. त्यांच्यावर काम करणारी माणसं आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बसतात आणि आमचं त्यांचं चहापुरतंच बोलणं. हे मी तिला सांगितलं नाही. “दुसरं कुणीतरी,” एवढंच म्हटलं.

म्हणजे आता झालं काय? वाण उंच होतो, पण उंच झाला की वाया जातो. वरचेवर कापला तर गल्लीभरची जनावरं खातात, पण मग तो उंच होतच नाही आणि माझ्या तक्त्यात नापास. तो इतका भरभर फुटतो ते त्याच जनुकामुळे की दुसऱ्या कशामुळे? आणि सतत कापून कापून बुडखे थकले तर? पाटाच्या कडेला एका कोपऱ्यात रोपं विरळ झाल्यासारखी मला वाटली होती. का मला आता सगळंच वाईट दिसायला लागलं होतं? मी वही उघडून बसले आणि पान कोरंच राहिलं.

संध्याकाळी ओट्यावर वनमालाला पत्राबद्दल सांगून टाकलं. लपवून ठेवणं जड जात होतं. चाचणी बंद झाली तर वाफा नांगरावा लागेल, तसा करारच आहे. आणि हा घास तुम्ही कधी फुलूच दिला नाही, त्यामुळे बीही धरलेलं नाही. एकदा नांगरला की गेला.

ती म्हणाली, “माही म्हैस महिनाभरानं व्याईन. तवा म्या काय घालू?”

“एक मार्ग आहे,” मी म्हटलं. “उंचीऐवजी वजन दाखवता आलं तर. रोज जो कापून नेतील तो काट्यावर टांगायचा आणि लिहायचा. महिन्याचे आकडे आले की मी भांडू शकते. नुसतं माझ्या सांगण्यावर ते ऐकणार नाहीत.”

माझ्या पेटीत नमुने तोलायचा हुकाचा छोटा काटा होता. तिने तो हातात घेऊन बघितला आणि ओट्यावर ठेवला. “पाहू,” म्हणाली. तिचा चेहरा मला वाचता आला नाही.

बुधवार

सकाळी गयाबाई शेतात आल्या तेव्हा मी वाफ्यापाशीच होते. साठीच्या पुढच्या, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात विळा. मला बघून म्हणाल्या, “थे पुण्याची मोजनारी बाई तूच का वं?” मी हो म्हटलं. “मोज बापा मोज,” म्हणून त्या कामाला लागल्या. काय हात चालत होता. बुडखा न दुखवता, वर दोन बोटं सोडून, सपासप. बघता बघता पेंढी बांधून झाली.

ती त्यांनी डोक्यावर घेतली आणि वनमाला पुढे आली. हातात माझा काटा होता.

“काकू, आज एवढं जोखून जा.”

गयाबाई थांबल्या. त्यांनी काट्याकडे बघितलं, मग वनमालाकडे, मग माझ्याकडे. “काहून वं?”

“वाफा वाचवाचा हाये. आकडा पाह्यजे त्यायले.”

गयाबाईंनी पेंढी डोक्यावरून उतरवली, वनमालाच्या पायापाशी ठेवली, विळा कमरेला खोचला आणि आल्या वाटेने निघून गेल्या. मागे वळूनही बघितलं नाही.

वनमाला तशीच उभी. “व्यालेल्या जनावराच्या घासाले काटा लावत नाईत,” ती म्हणाली. “काटा लावला का थे पान्हा चोरते. दूध वर ओढून घेते, वासराले बी देत नाई. म्या तिले कधी असं बोलली नव्हती.”

मला लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही. मी तिला आकडे मागितले आणि तिने वाफ्यासाठी गल्लीतली आपली पत गहाण टाकली. तीही माझ्यासमोर, माझ्याच काट्यावर.

मी पेंढी उचलली. डोक्यावर कशी ठेवतात ते माहीत नव्हतं, ठेवली. अर्धा घास मानेवरून ब्लाउजमध्ये गेला. वाटेत दोनदा सुटली, दोनदा बांधली. गल्लीतून जाताना बायका दारात आल्या आणि मी कुठे चालले आहे ते कुणी विचारलं नाही, सगळ्यांना कळलेलंच होतं. गयाबाईंच्या अंगणात तांबडी गाय बांधलेली, शेजारी चार दिवसांचा गोऱ्हा पाय फाकून उभा. गयाबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या.

“जोखलं का?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“खरं?”

“खरं. वनमालानेही नाही.”

त्यांनी उठून पेंढी घेतली, सोडली आणि गाईपुढे टाकली. गाय खाली मान घालून खायला लागली, पानं आणि काडी दोन्ही. सगळी काडी कोवळी होती. मी बघत उभी राहिले. गयाबाईंनी पोतं अंथरलं, म्हणजे बसायला सांगितलं असा अर्थ मी घेतला.

“लेकरं हायेत का तुले?”

“एक मुलगी.”

“तिच्या वक्ताले बाळंतीन होती तवा तुह्या मायनं मोजून वाढलं का?”

माझ्या बाळंतपणात आई सव्वा महिना माझ्याकडे होती. डिंकाचे लाडू किती खाल्ले हे मला आठवत नाही, कारण कुणी मोजलेच नव्हते. मी नाही म्हणून मान हलवली.

“मंग,” त्या म्हणाल्या, आणि गोऱ्ह्याला गाईपाशी सोडायला गेल्या.

दुपारच्या एसटीने मी निघाले. पत्र वनमालाला दिलं नाही आणि सहीही केली नाही. रामदासने पट्टी सोबत नेऊ नका म्हणून सुचवलं, दारातल्या वालाच्या वेलाला तिचा उपयोग होईल म्हणाला. मी देऊन टाकली.

परत आल्यावर

विभागप्रमुखांनी विचारलं, “मग, वगळायचं ना केनवड?”

मी म्हटलं, “बाकीची तीन वगळू या.”

आधी मी त्या तिन्ही ठिकाणी फोन करून एक काम सांगितलं होतं. कापलेला घास तोलायच्या आधी पानं एकीकडे आणि काडी एकीकडे करा. तिन्हीकडून एकच उत्तर आलं होतं, वाढलेलं वजन बहुतेक काडीचं आहे. तिथेही गव्हाणी होत्याच, फक्त त्यांत कुणी डोकावलं नव्हतं. माझा स्वच्छ तक्ता काड्यांचा होता. हे सगळं मी त्यांच्यापुढे ठेवलं. सहा वर्षं आपण चुकीच्या टोकाला मोजत होतो, हे स्वतःच्या तोंडाने सांगणं सोपं नसतं.

ते म्हणाले, “म्हणजे पास झालेली ठिकाणं बंद करायची आणि नापास झालेलं चालू ठेवायचं?”

“हो. एक हंगाम.”

“आणि तिथून आकडे येणार?”

“नाही.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. का कोण जाणे, पण एक हंगाम दिला. वरच्या मजल्यावरच्या मंडळींशीही आता आमचं चहापलीकडे बोलणं सुरू झालं आहे. पानांना कोण सांगतं, हे त्यांना विचारायला मी स्वतः जिना चढून गेले. त्यांनाही सगळं माहीत नाही असं कळलं आणि बरं वाटलं.

वनमालाला फोन करून वाफा राहतो आहे असं सांगितलं. ती गयाबाईंना सांगायला धावली असावी, कारण फोन तसाच चालू राहिला आणि मला मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. परत आली तेव्हा तिने कामाचं विचारलं.

“वहीत आता काय लिहू? उंची लिहू का नको?”

मी विचार केला. वजन लिहायचं नाही, उंचीला अर्थ नाही. शेवटी म्हटलं, “कोणाच्या घरी नेला ते लिही. कोणतं जनावर, किती दिवस नेला आणि पुढे काय झालं. तुला जे लिहावंसं वाटेल ते.”

परवा तिने पानाचा फोटो पाठवला. अक्षर तेच, खाडाखोड नाही. ‘गयाबाई. तांबडी गाय. गोऱ्हा. अकरा दिवस नेला. दूध चांगलं.’ ‘आमची म्हैस. वगार. सात दिवस झाले, चालू आहे.’ वगार म्हणजे म्हशीची पारडी, हे मी आता कुणाला न विचारता वाचते. त्यांच्या मधली ओळ मात्र मी दोन-तीनदा वाचली. ‘इंगोले. काळी म्हैस. वगार पाचव्या दिवशी मेली. घास नेत राहिले. म्हशीनं पान्हा सोडला.’

पारडू गेलेली म्हैस सहसा दूध सोडत नाही. तिने का सोडलं, ते मला सांगता येत नाही. माझ्या जनुकामुळे म्हणावं तर पुरावा नाही. गयाबाईंना विचारलं तर त्या सांगतील, तो घास कुणी मोजला नव्हता म्हणून.